बांगड्या भरणारे डॉक्टर

गोदामाय जे बोलली, ते मी दिल्लीहून आलेल्या साहेबांना सांगितलं नाही. तिच्या वाक्याच्या जागी मी माझं वाक्य ठेवलं. वाक्य छोटं होतं, इंग्रजीत होतं आणि व्याकरणाने बिनचूक होतं. त्या बिनचूक वाक्याने मनियार डॉक्टरांचं काम बंद पडलं.

हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टरांबद्दल मी चारचौघांत बोलायला लागलो की लोकांना वाटतं, हा माणूस उपकार आठवतो आहे. उपकार आहेतच. पण मी त्यांचं कौतुक करतो तेव्हा त्यात थोडी लाच असते, माझ्याच मनाला दिलेली. आज ती द्यायची नाही असं ठरवून बसलो आहे.

डॉक्टर रशीद मनियार वाशीमचे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आमचं घर रिठदच्या बौद्धवाड्यातलं, आणि बी.एस्सी. झालेला घरातला पहिला मी. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी पदवी घेऊन ओट्यावर बसून होतो. कुणीतरी सांगितलं की मनियार डॉक्टरांना दिल्लीहून संशोधनाचे पैसे मिळालेत, शिकलेली पोरं शोधून राह्यले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची गुंडाळी काखेत मारून सांगितलेल्या जागी पोचलो, तर ते बांगड्यांचं दुकान निघालं.

गादीवर टक्कल पडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक माणूस एका बाईचा हात हातात घेऊन बसला होता. साबणाचं पाणी लावून, तिचा अंगठा आत दुमडून तो बांगडी मिलिमीटरने पुढे सरकवत होता आणि तिच्या सुनेची चौकशी करत होता.

"डॉक्टरसाहेब कुठे भेटतील?" मी विचारलं.

"एवढा हात भरून होऊ द्या, मंग भेटतीन."

म्हणजे हेच डॉक्टर. वडलांचे गुडघे दुखत, म्हणून रविवारी ते स्वतः दुकानात बसत. मला वाटलं, आपण चुकलो, इथे कसलं संशोधन असणार. त्यांनी मला गादीच्या कडेला बसवलं आणि त्या बाईसमोरच माझी मुलाखत घेतली.

"लेकराले हगवन लागली तं काय करावं?"

मी तयारीने आलो होतो. जंतू सांगितले, उकळलेलं पाणी सांगितलं, हात धुणं सांगितलं. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं.

"शाबास. हे पुस्तकातलं झालं. आता सांगा, तुमची माय काय करते?"

मी ओशाळलो. "पाणी बंद करते. वरून घातलं की खालून जाते, म्हणते."

"मंग खोटं काय म्हनते?" ती बाई एकदम बोलली. "मी बी तेच करतो."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेली अंगठी सापडली. तिच्याकडे बोट करून ते मला म्हणाले, "ऐकलं? हे आपलं काम. जंतू अमेरिकेतल्या लोकांले सापडले हायेत, ते आपन पुन्हा शोधाचे नाई. उद्यापासून या."

मग त्यांनी मला काम समजावलं, तेही बांगडीवरूनच. "बांगडी बनवनारा फिरोजाबादले बसते. मोठा कारागीर. पन भरनारा नसला तं ती बांगडी डब्यातच राह्यते. भरनाऱ्याले हाताचं माप पाहा लागते. कोनाची हाडं मोठी, कोनाची बोटं आखूड. जोरानं ओढली तं बांगडी बी जाते अन् रगत बी निघते."

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. हगवणीने लेकरं मरतात ती अंगातलं पाणी संपून मरतात, आणि मीठ-साखरेचं पाणी सतत पाजलं तर बहुतेक वाचतात, हे तोवर सिद्ध झालं होतं. बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांच्या छावण्यांमध्ये डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ते स्वतःहून तिकडे गेले होते. परत आले तर वाशीमच्या दवाखान्यात तशीच वाळलेली लेकरं. घरात मीठ होतं, गूळ होता, विहिरीला पाणी होतं. "तरी लेकरू मरते. काहून?" ते म्हणत. "मले या 'काहून'साठी पैसे पाहिजेत."

'काहून'साठी पैसे मिळणं सोपं नव्हतं. दिल्लीच्या फेऱ्यांची ते नक्कल करून दाखवत. टेबलापलीकडचा साहेब विचारी, "यात नवीन काय?" हे म्हणत, "नवीन काही नाही, साहेब. जुनंच आहे. ते घरात गेलेलं नाही, एवढंच नवीन." साहेब म्हणे, नवीन औषध असेल तर आणा, त्यासाठी पैसे आहेत. हे म्हणत, "जुन्याच औषधाचा उंबरा अडून आहे, साहेब. नवीन आणलं तर तेही त्याच उंबऱ्यावर बसेल." अखेर एका संस्थेने दोन वर्षांचे पैसे दिले. तिसऱ्या वर्षाचे समितीने पाहणी केल्यावर.

त्या पैशांत जीपची तरतूद होती. डॉक्टरांनी जीप घेतली नाही. नसबंदीच्या मोहिमेनंतर गावाकडे जीपचा आवाज आला की पुरुष ज्वारीत शिरत आणि बाया दारं लावत. आम्ही एस.टी.ने फिरायचो. "जीपमंधी सासू बसते का? सासू एस्टीत बसते," हे त्यांचं कारण. गाडीत ते नेमके एखाद्या म्हाताऱ्या बाईशेजारची जागा धरत आणि उतरेपर्यंत तिच्या घरातल्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास त्यांच्याकडे असे.

त्यांच्या कोटाच्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा. दिल्लीच्या कागदावर साखर लिहिलेली होती. पण साखर रेशनवर मिळे आणि पाहुण्यांसाठी डब्यात जाई. गूळ मात्र घरोघरी. त्यांनी दिल्लीशी भांडून गूळ मंजूर करून घेतला होता. त्या खड्याला मुंग्या लागत. बोलता बोलता डॉक्टर एकदम मान झटकत, कॉलरमधून मुंगी काढत आणि तिला म्हणत, "तुमचा नंबर नंतर, बाई." त्यांच्यामागे पोरांची वरात असायची. गळ्यात दोरीला पितळेची एक बारकी बांगडी लटकलेली. पोरं जवळ आली की ते खेळवत खेळवत ती त्यांच्या हातात सरकवत. कोपरावर अडली तर पोराची पाठ थोपटत. कोपर ओलांडून सैल वर गेली तर हसणं तसंच ठेवून हळूच त्याच्या आईचं घर विचारून घेत. रोडावलेलं पोर ओळखायला तराजू लागत नाही, ते म्हणत.

पाण्याचं माप ते तीन बोटांनी शिकवत. तांब्याभर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मुठीत मावेल एवढा गूळ. मग चव घ्यायची: डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "डोयातल्या पान्याची चव आमाले इचारता व्हय? आमचं निम्मं जेवन त्यातच शिजते." डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दिल्लीच्या सगळ्या कागदांत मिळून एवढं चांगलं वाक्य नाही, म्हणाले.

रिठदच्या पुढच्या एका वाडीत गोदामाय राहायची. उंच, काळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावातल्या बाया तिला विचारल्याशिवाय लोणचंही घालत नसत. आमच्या कामातली ती सगळ्यांत मोठी अडचण होती, आणि डॉक्टरांचा तिच्यावर भारी जीव होता.

तिच्या नातवाला हगवण लागली त्या दुपारी आम्ही गावातच होतो. सून कमला मागच्या दाराने धावत आली, पदराचं टोक दातात धरलेलं. "मामंजी शेतात हायेत. आत्याबाईनं पानी बंद केलं. लेकरू डोये फिरवून राह्यलं, डाक्टर."

आम्ही गेलो. ओट्यावर गोदामाय मांडी घालून बसलेली, मांडीवर वर्षाचं पोर. पोराची टाळू खोल गेली होती, ओठ कोरडे. शेजारी सुपात लिंबू, मिरच्या, भाताचा गोळा. उतारा ओवाळून झाला होता.

"आले बांगडीवाले," गोदामाय म्हणाली. "आज चुडा भराचा नाई आमाले."

"मी तुमाले कुठं भरून राह्यलो? नातवाले पानी पाजतो."

"फुटक्या घागरीत पानी वतून काय फायदा बाप्पा? जेवढं वतसान तेवढं जाईन."

डॉक्टर ओट्याच्या पायरीवर बसले. घाई केली नाही. ते शांतपणे म्हणाले, "गोदामाय, तुमच्या विहिरीवरचा हौद गळते. मागच्या पोळ्याले पाहिला मी. बैल तहानले तं तुमी काय करता?"

"काय करता म्हंजे? मोट जास्त चालवतो."

"हौद गळते म्हून बैल कोरडे ठेवत नाई?"

गोदामाय हार मानणारी नव्हती. "अन् माहा उतारा?"

"उतारा बी राहू द्या. उताऱ्याले ताहान लागत नाई, लेकराले लागते. दोन्ही चालू द्या."

तिने पोर दिलं नाही. मांडीवरच ठेवलं. पण हातही आडवा घातला नाही. कमलाने पाणी केलं, डॉक्टरांनी चव घेतली, आणि मग चमचा चमचा सुरू झालं. एक ओकारी झाली. "पाहा," गोदामाय म्हणाली. "पाह्यलं," डॉक्टर म्हणाले, थोडं थांबले आणि पुन्हा चमचा लावला. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. मध्येच डॉक्टर तिला जुन्या लाखेच्या चुड्यांविषयी विचारत होते आणि ती आपल्या लग्नातल्या चुड्याबद्दल रंगात येऊन सांगत होती. गुरं घरी यायच्या सुमारास पोराने लघवी केली. सरळ गोदामायच्या लुगड्यावर.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करून "वाह!" म्हटलं. एवढ्या आनंदाने कुणाच्या लघवीचं स्वागत मी तोवर पाहिलं नव्हतं. "पानी खाली चाललं नाई, गोदामाय. अंगात मुरलं. जास्त झालं तेच तुमाले प्रसाद भेटला."

"माह्या उताऱ्यानंच बरा झाला," गोदामाय लुगडं झटकत म्हणाली. पण चमचा तिने आपल्या हातात घेतला होता.

परतताना एस.टी.त डॉक्टर खुशीत होते. "पडघानसाहेब," ते म्हणाले. खूश असले की मी साहेब, रागावले की 'बेटा'. "आपल्याले पानी माहीत करून देनं हे काम नाईच. कमलाले माहीत होतं. माप पाठ होतं. तिच्या हाताले सासूचा हात धरून होता. तिसऱ्या वर्षी आपन शिकलेल्या पोरींले नाई नेमाचं. गावोगावची सगळ्यांत खट सासू शोधाची, तिलेच मानधन द्याचं, अन् म्हनाचं, आता तूच पाज गावाले."

"ती ऐकेल?"

"जिचं गाव ऐकते ती आपलं नाई ऐकनार. पन स्वतःचं ऐकीन."

एवढं साधं होतं त्यांचं तिसरं वर्ष. त्यासाठी समितीला एकच गोष्ट दाखवायची होती: लोकांना कळलं आहे, पण लोक करत नाहीत. आमचं अपयशच त्यांना मांडायचं होतं, आणि ते कुठे अडलंय त्यावर बोट ठेवायचं होतं.

मला हे कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. पण माझ्या पगारावर घर चालत होतं. बहिणीचं लग्न ठरत होतं. अपयश पाहून कोण पैसे देतं? शाळेत आमच्या मास्तरांनी साहेबांच्या तपासणीच्या आधी उत्तरं पाठ करून घेतली होती, आणि शाळा पास झाली होती. मला तेवढंच ठाऊक होतं. समिती यायच्या आधी डॉक्टर कामासाठी अकोल्याला गेले, तेव्हा मी त्या वाडीत जाऊन बायांना देवळासमोर बसवलं आणि पाठ करून घेतलं. पाणी किती, मीठ किती, गूळ किती. "अन् साहेबांनी विचारलं, पाजता का, तर काय म्हणायचं?" बाया एका सुरात म्हणायच्या, "पाजतो." गोदामाय सगळ्यांत मोठ्याने. तिला मजा येत होती. "मास्तर, हे पानी करतो म्हनलं तं सायेब साडी देईन का?" तिने विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

समितीत दोन गृहस्थ होते, एक दक्षिणेकडचे, एक बंगाली. दोघेही सज्जन, वयस्कर. हिंदी त्यांना बेताचीच येत होती, वऱ्हाडी तर मुळीच नाही. दुभाषा मी. देवळासमोर सतरंजी, बाया ओळीने. साहेब विचारतात, मी वऱ्हाडीत विचारतो, बाया सुरात उत्तर देतात. बंगाली साहेबांनी पाणी चाखलं आणि डोळे मिटून मान डोलावली. माझी छाती फुगत होती. डॉक्टर मागे कडुनिंबाला टेकून उभे होते. पहिल्या दोन उत्तरांना ते खूश दिसले, मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. उत्तरं फार सारखी येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

मग ते पुढे आले आणि स्वतःच विचारलं, "गोदामाय, हे सगळं खरं. पन उन्हाळ्यात तुमच्या नातवाले हगवन लागली होती, तवा तुमी काय केलं?"

हा प्रश्न मी पाठ करून घेतला नव्हता. गोदामायने पदर सावरला आणि जशी होती तशी बोलली. "काय करतो? पानी बंद केलं व्हतं. माहीत व्हतं मले तुमचं पानी, पन मन नाई झालं. तुमी येऊन बसले, चमचा लावला, तवा लेकरू वाचलं. पुन्हा लागली अन् तुमी नसले, तं पाजीन का नाई, देवाले माहीत."

यासाठीच डॉक्टर दोन वर्षं एस.टी.त मुंग्या झटकत फिरले होते. सगळं त्यात होतं. दक्षिणेकडचे साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणते ती?"

मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, मी नातवाला हेच पाणी पाजलं आणि तो वाचला."

साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी गोदामायला हात जोडले. तिला वाटलं, साहेबांना आपलं खरं बोलणं आवडलं, तिनेही जोडले. डॉक्टरांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांनी तोंड उघडलं. सगळं गाव आमच्याभोवती होतं, रिठदहून आलेली आमच्या वाड्यातली चार माणसंही कौतुकाने उभी होती: आपलं पोरगं इंग्रजी बोलतं. डॉक्टरांनी त्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड मिटलं. "चहा घ्या, साहेब," ते म्हणाले. "थंड होतोय."

काही दिवसांनी दिल्लीहून निकाल कळला. समिती अत्यंत प्रभावित झाली होती. ज्ञान घरोघरी पोचलं आहे, लोक ते वापरत आहेत, संशोधनाचा हेतू पूर्ण झाला, तिसऱ्या वर्षाची गरज उरलेली नाही. डॉक्टरांनी ते मला दुकानात सांगितलं, बांगड्यांचे डबे उचलून ठेवता ठेवता.

"मुबारक हो, पडघानसाहेब. आपन पास झालो. पास झालेल्या पोराले पुन्हा त्याच वर्गात बसवत नाईत."

माफी मागायची ती वेळ होती. मागितली नाही. उलट विचारलं, "मग प्रोजेक्ट बंद?"

"बंद म्हनू नये," ते म्हणाले. "बांगडी फुटली म्हनतो का आपन? वाढली म्हनतो."

आणि हसले. ते हसणं मला अजून पेलवत नाही.

त्यांनी पुढे अनेक ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे आता एकच उत्तर: ते तर तुमच्याकडे झालंच आहे ना? मला मात्र समितीच्या शेऱ्यामुळे लगेच आरोग्य खात्यात शिक्षकाची पक्की नोकरी मिळाली. गावोगाव जाऊन भाषण करायचं, तक्ते दाखवायचे. मानोऱ्याकडच्या तांड्यांपासून शिरपूरच्या बाजारापर्यंत मी तीन बोटांची चिमूट शिकवत हिंडलो. डॉक्टर वाशीमला दुकानाच्या वरच्या माळ्यावर दवाखाना चालवत राहिले. रस्त्यात भेटले की साहेब म्हणत, पाठीवर थाप मारत. मी घाईत आहे असं सांगून सटकत असे.

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग माझ्याच घरात हगवण लागली.

मी दौऱ्यावर होतो. मंगरूळकडच्या एका गावात साठ-सत्तर बायांसमोर भाषण ठोकून संध्याकाळी घरी आलो, तर तीन वर्षांची माझी सुमेधा आईच्या मांडीवर सुकलेल्या भाजीसारखी पडलेली. बायको रडवेली. माझ्या आईने पाणी बंद केलं होतं.

"माय, मी काय शिकवत हिंडतो, तुला माहीत नाही?" मी ओरडलो.

"माहीत हाय की," आई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पन बाबू, ते तू गावाले सांगतं. ते गावासाठी असते. घरच्या लेकरावर कोनी परयोग करते का?"

रागाच्या भरात मला हसू आलं, आणि हसता हसताच समजलं की डॉक्टरांचं तिसरं वर्ष माझ्याच घराला हवं होतं. आम्ही चमचा लावला. आईच्या हातात चमचा दिला. ते मात्र मला आठवलं. सुमेधा दोन दिवसांत उठून बसली आणि पापड मागायला लागली.

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन वाशीमला गेलो.

दुकान तेच. लग्नसराई होती, गादीसमोर बाया दाटलेल्या. डॉक्टरांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. एका नवऱ्या मुलीचा हात हातात होता.

"डॉक्टरसाहेब भेटतील का?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं, ओळखलं. "एवढा हात भरून होऊ द्या." आणि मग मुद्दामच दोन हात जास्त भरले.

मला वाटलं होतं, बाजूला घेऊन बोलावं. त्यांनी बाजूला घेतलं नाही. सुमेधाला गादीवर बसवलं, गळ्यातली ती पितळेची बांगडी काढली आणि तिच्याशी कुठल्याशा मांजराची गोष्ट बोलत ती तिच्या हातात सरकवायला लागले. मी घरातली हकीकत सांगितली. आईचं वाक्य सांगितलं. ते खदखदून हसले. "गावासाठी असते! वाह रे आजीबाई. दिल्लीले पाठवाले पाहिजे हे."

"डॉक्टरसाहेब, त्या दिवशी समितीसमोर मी..."

"माहीत हाय मले."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

बांगडी सुमेधाच्या मनगटावर थांबली होती. "ओढली असती तं हात तुझा होता, बेटा," ते म्हणाले. 'बेटा' हे रागाचं नाव, पण आवाज रागाचा नव्हता. मग एकदम मिस्कील झाले. "गोदामाय अजून पाजते बरं का. मानधनाच्या जागी दर वर्षी माझ्याकडून एक चुडा घेते, अन् तिच्या वाडीत कोनाच्या बी घरी लेकरू आजारी पडलं की चमचा घेऊन जाऊन बसते. सुनांले शिव्या देते, पन पाजते. एक गाव बांगड्यांवर चाललं. बाकी गावांले बांगड्या पुरल्या नाईत."

बाया पाहत होत्या. मी म्हणालो, "मला माफ करा."

"अहं," डॉक्टर म्हणाले. "असं नाई. त्या दिवशी ती काय बोलली ते सांग. इंग्रजीत. दुभाषा होता ना तू?"

आणि मी बांगड्यांच्या दुकानात, लग्नाच्या बायांच्या गर्दीत, चपला हातात धरून, इतक्या वर्षांनी गोदामायच्या वाक्यांचं भाषांतर केलं. व्याकरण पार चुकत होतं. तिने पाणी बंद केलं होतं. पाणी तिला माहीत होतं, पण तिचं मन झालं नाही. डॉक्टर येऊन बसले म्हणून लेकरू वाचलं. पुन्हा पाजेल की नाही, देवाला माहीत. शेवटचं वाक्य सांगताना माझ्या तोंडात खारट चव आली होती.

डॉक्टर सुमेधाच्या हाताकडेच पाहत होते. बांगडी कोपरापर्यंत आली आणि अडली. त्यांनी तिची पाठ थोपटली.

"आता तुझं वाक्य सांग," ते म्हणाले.

"चूक माझी होती, डॉक्टरसाहेब," मी मराठीत म्हणालो. "काम तुमचं होतं आणि ते मी बंद पाडलं. मला माफ करा."